दोन तीरांवरचा पंधरा ऑगस्ट
(नेवासे परिसरातील मराठी शाळा व स्वातंत्र्याचा उत्सव)

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत कर्त्या पुरुषांची चरित्रे, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे, देणगीदारांची नामावळी आणि उपवर मुलामुलींची माहिती दरसाल येते, व ते योग्यच आहे. परंतु ज्या संस्थेमुळे ही चरित्रे घडली, ज्या संस्थेत आपल्यापैकी बहुतेकांच्या वाडवडिलांनी पाटीवर पहिला 'श्री' गिरविला, त्या गावच्या मराठी शाळेला या पानांत क्वचितच जागा मिळते. आम्ही जुन्या मॅट्रिकवर शिक्षकी पेशात शिरलो आणि तीन तपांहून अधिक काळ खडू-फळ्याच्या संगतीत काढला. तेव्हा आपल्या नेवासे परिसरातील प्राथमिक शाळा आणि स्वातंत्र्यदिनाचा उत्सव यांची हकीकत ज्ञातिबंधुभगिनींपुढे मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. तीत एका नदीचीही हकीकत आहे, आणि ती आपल्या नव्या पिढीला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

नेवासे हे प्रवरेच्या तीरावरील पुरातन स्थान. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये श्रीज्ञानेश्वर महाराजांनी येथेच गीतेवरील आपली टीका सांगितली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून माउलींनी निरूपण केले असे परंपरा मानते, तो 'पैस' खांब आजही लक्षावधी वारकऱ्यांचे श्रद्धास्थान आहे. पुढे १९५४ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगापासून मराठेशाहीपर्यंतच्या मानवी वस्तीचे थर एकाखाली एक सापडले. एवढ्या प्रदीर्घ इतिहासात सरकारी मराठी शाळेचे पान अगदी अलीकडचे आहे. परंतु सामान्य रयतेच्या दृष्टीने त्याचे मोल फार मोठे आहे. सर्वसामान्यांना कळेल अशा भाषेत ज्ञान देण्याचा जो उपक्रम या भूमीत सातशे वर्षांपूर्वी झाला, तोच पाटी-पेन्सिलीच्या रूपाने गावोगाव पोहोचविण्याचे काम मराठी शाळेकडे आले.

या शाळा उभ्या राहिल्या त्या रयतेच्याच पैशावर. मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' बसविण्यात आला व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावण्यात आला. तरी शेतकऱ्याची मुले शाळेत कितीशी येत होती? १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी नेमका हाच प्रश्न विचारला. कर भरतो तो कष्टकरी, आणि शिक्षणाचा लाभ उठवितो तो वरचा वर्ग, असा त्यांचा आक्षेप होता. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. आपल्या जिल्ह्याला या बाबतीत अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले ते नगर येथे, मिस फॅरार यांच्या संस्थेत.

इंग्रजी अमदानीत शाळेतही उत्सव होत. परंतु ते परक्यांचे. १९११ चा राज्यारोहण दरबार, १९३५ चा पंचम जॉर्ज बादशहाचा रौप्यमहोत्सव, १९३७ चे सहाव्या जॉर्जचे राज्यारोहण अशा प्रसंगी शाळाशाळांतून मुलांना मिठाई वाटली जाई व राजनिष्ठेची गीते म्हणविली जात. मूल लहान असते; त्याला पेढ्याची गोडी कळते, पेढा कोणत्या निमित्ताने मिळाला हे कळत नाही. मास्तरांना मात्र ते कळत असे. एका हाताने सरकारी पगार घ्यावा आणि दुसऱ्या हाताने पोरांच्या मनात देशप्रीतीचे बी पेरावे, अशी कसरत त्या पिढीच्या शिक्षकांना करावी लागे. १९२०-२१ च्या असहकारात कित्येकांनी सरकारी शाळा सोडल्या आणि ठिकठिकाणी राष्ट्रीय शाळा निघाल्या. ज्यांना पोटासाठी नोकरी सोडणे शक्य नव्हते, त्यांनी इतिहासाच्या तासाला शिवछत्रपतींचे चरित्र अधिक जिव्हाळ्याने शिकविले. हीही एक सेवाच होती, असे आमचे नम्र मत आहे.

आपल्या जिल्ह्याचा स्वातंत्र्यलढ्याशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. सेनापती बापट पारनेरचे. रावसाहेब व अच्युतराव हे पटवर्धन बंधू नगरचे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत' ठरावानंतर पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, शंकरराव देव आदी बारा पुढाऱ्यांना अटक करून नगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथेच १९४४ साली पंडितजींनी भारताच्या शोधाचा आपला ग्रंथ लिहिला. राष्ट्राचे भावी पंतप्रधान आपल्या जिल्ह्याच्या किल्ल्यात बंदिवान असावेत आणि तीनच वर्षांत त्यांनी स्वतंत्र देशाची सूत्रे हाती घ्यावीत, हा कालचक्राचा महिमा होय.

शुक्रवार, दिनांक १५ ऑगस्ट १९४७. मध्यरात्री दिल्लीस घटना समितीच्या बैठकीत सुचेता कृपलानी यांनी 'वंदे मातरम्' गायिले आणि देश स्वतंत्र झाला. पुण्यनगरीत राष्ट्रध्वज उभारण्याचा मान आपल्या जिल्ह्याच्या सेनापती बापटांना मिळाला. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री त्या वेळी बाळासाहेब खेर होते. त्यांच्या अमदानीत याच साली प्राथमिक शिक्षणाचा नवा कायदा झाला, आणि सक्तीच्या व मोफत शिक्षणाच्या ज्या गोष्टी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मागितल्या होत्या व ज्या तेव्हा नाकारल्या गेल्या होत्या, त्या हळूहळू खेड्यांपर्यंत येऊ लागल्या.

त्या दिवशी प्रांतातील शाळांना सण होता. तिरंगा ध्वज घटना समितीने २२ जुलै रोजी, म्हणजे अवघ्या चोवीस दिवसांपूर्वी संमत केलेला. चरख्याच्या जागी अशोकचक्र आले होते व तेही अचूक चोवीस आऱ्यांचे हवे होते. साखर आणि कापड दोन्ही नियंत्रणाखाली, रेशनवर. अशा काळात खादीचा तुकडा मिळवावा, तो रंगवावा, चक्र काढावे, कळकाची काठी रोवावी, हा खटाटोप खेड्यातील शिक्षकाच्या माथी आला आणि त्याने तो आनंदाने केला. कालपर्यंत जो ध्वज हाती धरल्याबद्दल छडी किंवा तुरुंग मिळत होता, त्यालाच वंदन करण्यास गुरुजी आज मुलांना सांगत होते. पेढ्याचे निमित्त आता आपले झाले होते.

येथवरची हकीकत महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याची असू शकेल. नेवाशाची म्हणून जी विशेष गोष्ट आहे, ती आता सांगावयाची आहे.

आपल्या तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी वाहते. प्रवरासंगम येथे प्रवरा तिला मिळते. अलीकडे टोके, पलीकडे कायगाव. मध्ये केवळ एक पात्र. भाषा एक, सणवार एक, सोयरीक एक, पंढरीची वाट एक. आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांच्या लेकी या तीरावरून त्या तीरावर नांदावयास गेल्या आणि तिकडच्या सुना इकडे आल्या. परंतु राज्ये दोन होती. अलीकडे ब्रिटिशांचा मुंबई प्रांत आणि पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. १५ ऑगस्ट १९४७ रोजी अलीकडचा तीर स्वतंत्र झाला. पलीकडचा झाला नाही. निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारले आणि आपले राज्य वेगळे राखण्याचा मनसुबा धरला. एका तीरावरच्या शाळेत तिरंगा चढला, आणि नावेने वल्ह्याचे काही हात मारले की पोहोचता यावे अशा दुसऱ्या तीरावर तोच तिरंगा अपराध ठरला.

त्या संस्थानात शाळेची स्थिती काय होती, हेही पाहण्यासारखे आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि मराठी, तेलुगू, कानडी मुलांना वरचे शिक्षण त्याच भाषेतून घ्यावे लागे. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी लागे. १९३८ साली औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी आपल्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' गाण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले. त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक होत. एक गीत गाण्यासाठी शाळा सोडावी लागणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही.

विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या संस्थानातील लढ्याचे नेतृत्व शिक्षकांनीच केले. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुलांना शिकवीत. गोविंदभाई श्रॉफ यांचाही आरंभ औरंगाबादेत शिक्षक म्हणूनच झाला. आधी शाळा चालविली, तीत माणसे घडविली आणि मग त्या माणसांना घेऊन सत्तेपुढे उभे राहिले, असा तो क्रम आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश आनंदात असता स्वामीजींना तिरंग्यासाठी अटक झाली.

त्यानंतरचा काळ पलीकडच्या तीराला फार कठीण गेला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात एका वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. परंतु कासीम रझवीच्या रझाकारांचा उच्छाद वाढतच गेला. सरहद्दीवरील अनेक कुटुंबे गुराढोरांसह नदी ओलांडून सोयऱ्यांच्या आश्रयाला आली. मुंबई प्रांताच्या हद्दीत स्टेट काँग्रेसच्या छावण्या उभ्या राहिल्या. १५ ऑगस्ट १९४८ रोजी अलीकडच्या शाळांनी स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस साजरा केला, तेव्हाही पलीकडे काळोखच होता. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. आम्ही मुलांना गणिताच्या तासाला हे उदाहरण आवर्जून घालीत असू : १९४८ हे लीप वर्ष धरून १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ किती दिवस? उत्तर येते ३९९. एका नदीचे पात्र ओलांडण्यास स्वातंत्र्याला तीनशे नव्याण्णव दिवस लागले.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. तेव्हापासून दोन्ही तीर एका राज्यात नांदत आहेत. पलीकडच्या शाळांत १५ ऑगस्टप्रमाणेच १७ सप्टेंबरलाही मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून ध्वजवंदन होते. आपल्या तालुक्यातील मुलांनाही त्या दिवसाचे महत्त्व समजावून द्यावे, निदान ज्यांचे आजोळ पलीकडे आहे त्यांना तरी द्यावे, अशी आमची सूचना आहे.

आता शाळेच्या अंगणातील आणखी एका नदीविषयी लिहिणे प्राप्त आहे. ती पाण्याची नव्हे, रांगांची. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला तो त्यास मिळाला नाही. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे व शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव संमत करून घेतला; तरी खेड्यापाड्यांत तो पुष्कळ काळ कागदावरच राहिला. पायरीवर किंवा व्हरांड्यात बसून, दुरून फळा पाहून शिकलेली पिढी होऊन गेली आहे. घरातील मुलींची तर बहुतेक ज्ञातींत रांगच नव्हती. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली व तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. आम्ही १९६० नंतरच्या दशकात शाळेत जाऊ लागलो तेव्हा पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीत गावातील सर्व आळ्यांची मुले उंचीप्रमाणे उभी केली जात, कुळाप्रमाणे नव्हे. आमच्या मते शाळेने गावाला दिलेली सर्वांत मोठी देणगी ही उंचीप्रमाणे लावलेली रांगच होय. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. कारण ज्या ज्ञातीला आपल्या मुलांची उन्नती हवी आहे, तिने दुसऱ्याच्या मुलाची पायरीवरील जागा आठवणीत ठेवलीच पाहिजे.

त्या काळच्या उत्सवाचे स्वरूप साधेच असे. आदल्या दिवशी मुली अंगण शेणाने सारवीत, भल्या पहाटे सडा-रांगोळी होई. धुतलेला सदरा व खाकी अर्धी चड्डी घालून मुले जमत. हलगीच्या किंवा ढोलाच्या तालावर प्रभातफेरी गावातून फिरे. वेशीपाशी, चावडीपाशी जयघोष होई. घडी घातलेल्या ध्वजात फुलांच्या पाकळ्या ठेवण्याचे काम गुरुजी स्वतः करीत, कारण दोरीची गाठ सुटली नाही तर गावभर बोभाटा! मग 'जन गण मन', कवायत, लेझीम आणि पाठ करून आणलेली भाषणे. मध्येच विसरलेल्या मुलाला टाळ्या अधिक मिळत. शेवटी खाऊ. पुष्कळांना ठाऊक नसते म्हणून येथे नमूद करतो की, लाल किल्ल्यावर पंडित नेहरूंनी प्रथम ध्वज चढविला तो १५ नव्हे, १६ ऑगस्ट १९४७ रोजी.

या शाळांनी पुढेही गावाची सोबत सोडली नाही. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि स्कूल बोर्डाच्या शाळा त्यांच्याकडे आल्या. १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढणाऱ्या मुलांनीही ऑगस्टमधील ध्वजवंदन चुकविले नाही. १९७६ साली पैठणचे धरण पुरे झाले व नाथसागराच्या फुगवट्याखाली गोदाकाठची गावे उठली; त्या गावांबरोबर शाळाही उठल्या आणि नव्या गावठाणात, प्रथम पत्र्याच्या आडोशाला, पुन्हा भरल्या. घरे बांधून होण्याआधी जेथे ध्वजाची काठी उभी राहिली, तेच गावाचे मध्य ठरले. १९९५ साली केंद्र सरकारने शालेय पोषण आहाराची योजना सुरू केली तीही १५ ऑगस्ट याच दिवशी. आरंभी घरी न्यावयाचे तांदूळ मिळत. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजलेले अन्न मिळू लागले. सर्व आळ्यांच्या मुलांनी एका पंगतीस बसून एकाच पातेल्यातील खिचडी खाणे, हे स्वातंत्र्याचे रोजचे ध्वजवंदन होय, असे आम्ही मानतो. १९५१ च्या शिरगणतीत देशात शंभरांत सुमारे अठरा माणसे साक्षर होती. २०११ साली ती सुमारे त्र्याहत्तर झाली. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला. महात्मा फुल्यांच्या मागणीला त्या वेळी सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती.

आता शेवटचा आणि आमच्या मते मुख्य मुद्दा. आज पुष्कळ मराठी शाळांचा पट रोडावत आहे. वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात, असा विचार शासनाने २०२३ साली पुढे आणला. त्याची कारणे सरकारात आहेत तशी आपल्या घरांतही आहेत. आपली नातवंडे पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जातात. यात आम्ही कोणास दोष देत नाही. प्रत्येक आईबापास आपल्या मुलाचे कल्याण कळते. परंतु पंधरा ऑगस्टला आपण पांढरे कपडे घालून गावच्या शाळेत ध्वजवंदनास जातो, पुढच्या खुर्चीवर बसतो, पाचशे रुपयांचे बक्षीस जाहीर करतो. आणि सोळा ऑगस्टला त्या शाळेचे छप्पर गळते की काय, एक शिक्षक चार इयत्ता कसा सांभाळतो, वाडीवरून येणारी मुलगी पावसात ओढा कसा ओलांडते, याची चौकशी कोणी करीत नाही. ज्या घराला ऐपत आहे ते दुसरी शाळा शोधू शकते. ज्याला नाही, त्याला ही एकच आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांची, मोलमजुरी करणाऱ्यांची मुले तिच्याच भरवशावर आहेत, आणि त्यांत आपल्या ज्ञातीची मुले नाहीत असे कोणी समजू नये.

म्हणून मंडळापुढे आमची अल्पशी विनंती आहे. दरसाल होणाऱ्या गुणगौरवाबरोबरच प्रत्येक गावातील सभासदांनी आपल्या मराठी शाळेचे एक काम अंगावर घ्यावे : कोठे पुस्तकपेटी, कोठे मुलींसाठी स्वच्छतागृह, कोठे पिण्याच्या पाण्याची टाकी. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेस पालकांनी हजर राहावे. ती समिती कायद्याने पालकांचीच आहे. देणगी देताना ती अमक्या ज्ञातीच्या मुलांसाठी अशी अट घालू नये. वसतिगृहे व शिष्यवृत्त्या ज्ञातीच्या असोत. गावची शाळा मात्र गावाची असू द्यावी.

गोदावरी ओलांडण्यास स्वातंत्र्याला तीनशे नव्याण्णव दिवस लागले, कारण मध्ये एक राज्य आडवे आले होते. शाळेच्या पायरीपासून फळ्यापर्यंत येण्यास त्याला त्याहून कितीतरी अधिक काळ लागला, कारण मध्ये माणसेच आडवी आली होती. आता आडवे येणारे कोणी नाही. मात्र हात देणारे कमी पडत आहेत. ती उणीव भरून काढणे आपल्या हाती आहे. येत्या पंधरा ऑगस्टला शाळेत जाताना खाऊबरोबर एवढा विचारही घेऊन जावा, अशी सर्व ज्ञातिबंधुभगिनींस प्रार्थना करून आम्ही लेखणी आवरती घेतो.